खापराची धग

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी सकाळी प्रमिलाने मांड्यांच्या खापरासमोर बसायला नकार दिला, आणि तासाभरात ती बातमी नदीपलीकडच्या भाऊबंदांपर्यंत पोचली. या घरात मुलगा झाला तरी बातमी एवढी धावत नाही.

नकार तरी केवढा? "अक्का, आज माझ्यानं होणार नाही," एवढंच ती सासूला म्हणाली. आवाज चढवला नाही, भांडं आपटलं नाही. पुरण आदल्या रात्रीच शिजवून ठेवलं होतं, कणकेसाठी परात काढली होती, परसात चुलीशेजारी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भारा येऊन पडला होता. ती भिंतीला धरून उठली, मधल्या खोलीत गेली आणि गोधडी ओढून आडवी झाली. मे महिन्याचं ऊन दारात येऊन ठेपलेलं, आणि ही बाई गोधडीखाली कुडकुडत होती. ते कोणी पाहिलं नाही. सगळ्यांना दिसलं ते चुलीवर पालथं घातलेलं रिकामं खापर.

आणि वर्ष कोणतं, तर आबांच्या पहिल्या घागरीचं. तिचे सासरे सुकदेव आबा मागच्या श्रावणात गेले. आखाजीला त्यांच्या नावाची घागर भरायची, चाळीस पानं वाढायची, दोघी नणंदा जावयांना घेऊन यायच्या. आबांना मांडे फार प्रिय. तेही प्रमिलाच्या हातचे. पुरणाचा गोळा भरून ती पारी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि न फाटता खापरावर टाकायची. आरपार दिसावं इतका पातळ मांडा. आबा पंगतीत मोठ्याने म्हणायचे, "हाई पोर नही तं आखाजी नही." कौतुकच होतं ते. पण त्या कौतुकाने तिला चुलीपाशी बांधून टाकलं. आखाजीला गावोगावच्या लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. प्रमिलाला तीन वर्षं माहेरची आखाजी मिळाली नव्हती. तिचा भाऊ भाईदास दर वर्षी बोदवडहून न्यायला यायचा, आणि दर वर्षी त्याला मांडे खाऊ घालून परत पाठवलं जायचं.

यंदाही तो आला. साडेअकराच्या एसटीतून उतरला, हातात कापडी पिशवी, पिशवीत भाचीसाठी बांगड्या आणि बहिणीसाठी पोपटी रंगाचं लुगडं. बोदवड स्टेशनावर पॉइंट्समन असल्यामुळे त्याला दोनच दिवसांची रजा मिळाली होती. ओट्यावर पाय ठेवला आणि त्याच्या लक्षात आलं की आज कोणी "या" म्हणत नाहीये.

सतरंजीवर रुपचंद बसला होता, प्रमिलाचा जेठ, म्हणजे थोरला दीर. आबा गेल्यापासून घराचा शब्द त्याचाच. त्याच्या बाजूला चुलत काका वना नाना, भाऊबंदांच्या वतीने. खांबाला टेकून अभिमन, प्रमिलाचा नवरा. दाराच्या आत, डोक्यावर पदर घेऊन, रुपचंदची बायको कमलबाई. आणि पार आत, धान्याच्या कोठीजवळ, सासू यशोदाबाई. सुना त्यांना अक्का म्हणत.

"बस, भाईदास भो. पानी पी," रुपचंद म्हणाला. पाणी पिऊन होईपर्यंत थांबला, तेवढी माणुसकी त्याने पाळली. "तू बहीनले लेवाले येल शे ना? लई जा. आजच लई जा. पन परत आनू नको."

भाईदासच्या हातात तांब्या तसाच राहिला. "म्हंजे?"

"म्हंजे काय? तीन वरीस झायात. आज हात दुखस, काल पाय दुखस, परवा ताप. घरमा मोठं काम निंघनं का हाई बाई गोधडीमा. बिमार पोर आमना गळामा बांधी दिधी तुम्हीन. अभिमन आजून तिशीमा शे. त्यानं आम्ही दखी लिसूत. पोर आठेच ऱ्हाई."

पोर म्हणजे छबी. सहा वर्षांची. ती त्या वेळी आईच्या पायाशी बसून तिचे पाय चेपत होती, आणि आपण इथेच राहणार हे आपल्याबद्दल ठरलंय, याची तिला गंधवार्ता नव्हती.

भाईदास मुळात गरीब स्वभावाचा. लग्नातही तो वरपक्षाच्या सगळ्यांच्या पाया पडला होता, अगदी बँडवाल्याच्यासुद्धा पडला असता. पण त्याने तांब्या असा खाली ठेवला की पाणी सांडलं. "रुपचंदभाऊ, लगनाआधी तुम्हीच पाह्यले आल्ते. डोक्यावर दोन हंडे घेऊन ती वहीर चढे. तव्हा बिमार व्हती का? माह्या बापानं तुम्हाले धडधाकट पोर देली. जे झालं ते तुमच्या घरी झालं."

"आमना घर काय झायं तिले? खावाले कमी पडनं?"

"पडलं नाही. पन माहेराले यायची तेवढी रजा कमी पडली!"

वना नानाने हात वर केला. "भांडू नका रे भो. आखाजीना दिन."

जणू आखाजी उद्या नसती, तर एका बाईला तिच्या पोरीपासून तोडणं अगदी शोभून दिसलं असतं.

* * *

कमलबाईची बाजू ऐकली नाही तर तिच्यावर अन्याय होईल, आणि अन्याय एका दिवसात एकीवरच पुरे. तिने या घरात वीस वर्षं काढली. प्रमिला झोपून राहिली की पाण्याच्या खेपा कमलबाईच्या, धुणं कमलबाईचं, गोठा कमलबाईचा. प्रमिलाच्या मांड्यांचं कौतुक सगळं गाव करायचं. कमलबाईच्या भाकरीला कधी कोणी "छान" म्हटलं नाही, नुसत्या खाल्ल्या. तिची चीड खोटी नव्हती. आणि तिचं निरीक्षणही खोटं नव्हतं, हेच वाईट.

"दर आखाजीले ताप, दर दिवाळीले ताप, कानबाईले ताप," ती दाराआडून म्हणाली, नवरा-दीर काही न बघता. "बाजारना दिन कव्हय नही येस. मी सवता हात लाईसन दखेल शे. चूलपुढे बसनारीनं आंग तपसच ना? मनंबी तपस. मी गोधडी लिसन निजस का?"

दोन नणंदांनी मागे हेच म्हटलं होतं. शेजारणींनी हेच म्हटलं होतं. प्रमिलाच्या गालांवर आणि नाकावर लाल चट्टा उठायचा, तेव्हा पंगतीतल्या बायका हसून म्हणायच्या, खापरावर बसनारीनं तोंड असंच ऱ्हास. चट्टा, ताप, गळणारे केस, सकाळी मूठ न वळणारी बोटं, सगळं त्या चुलीच्या नावावर जमा झालं. ताप सणाला येतो, हे कमलबाईने बरोबर हेरलं होतं. पण सणाच्या आदल्या दिवशी भर उन्हात, उघड्या परसात, आठ आठ तास चुलीपुढे प्रमिलालाच बसवतात आणि म्हणून ती सणाला पडते, हा विचार काही तिच्या मनात आला नाही. तिच्याच कशाला, कोणाच्याच आला नाही. डॉक्टरांच्यासुद्धा नाही.

डॉक्टर काय कमी झाले? गावातल्या डॉक्टरने अंगात कडकी, म्हणजे उष्णता, आहे म्हणून लाल-पिवळी इंजेक्शनं दिली. जळगावला एकाने हाडांचे फोटो काढले आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या. दुसऱ्याने रक्त तपासून "सगळं नॉर्मल" असं सांगितलं आणि अभिमनकडे बघून, प्रमिलाकडे नाही, म्हणाला, "मनाचं आहे. कामात गुंतवून ठेवा." अभिमनकडून कळलेलं हे वाक्य रुपचंदने चारचौघांत वाचून दाखवावं तसं सांगितलं. त्या दिवसापासून प्रमिलाला कामात गुंतवून ठेवण्यात आलं. औषध म्हणून.

* * *

"एक कागद दखाडा माले," रुपचंद आता भाईदासला म्हणत होता. "एक. ज्यावर डॉक्टरनी लिखेल शे, की हाई बाई खरोखर बिमार शे. मंग मी चूप बसस."

"कागद आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं. प्रमिला मधल्या दारात उभी होती. खांद्यावर गोधडी, डोक्यावर पदर, एक हात चौकटीवर. जेठासमोर ती कधी बोललेली नव्हती. नऊ वर्षांत रुपचंदने तिचा आवाज भिंतीपलीकडूनच ऐकला होता.

"कागद आहे," ती पुन्हा म्हणाली. "यांच्या खिशात आहे."

अभिमनने डोळे उचलले नाहीत. त्याचा हात मात्र सदऱ्याच्या वरच्या खिशाकडे गेला आणि तिथून परत आला. खिशात कागद होताच. अकरा दिवसांपासून होता.

अकरा दिवसांपूर्वी तोच तिला धुळ्याला घेऊन गेला होता, देवपुरात डॉ. मुमताज शेख यांच्याकडे. तेही घरात न सांगता, बियाणाच्या चौकशीला जातो म्हणून. एवढं त्याने केलं, हे लिहायलाच हवं. त्या डॉक्टरीणबाईंनी आधी कोणी केलं नव्हतं ते केलं: प्रमिलाला विचारलं, आणि ती सांगत असताना मध्ये बोलल्या नाहीत. मग मानेवर, खांद्यांवर, कोपरापाशी, कंबरेला, गुडघ्याच्या आत अंगठ्याने दाबून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी प्रमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"या दुखण्याला फायब्रोमायल्जिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "आमच्या पुस्तकात हे नाव आत्ताआत्ता आलंय. रक्तात दिसत नाही, फोटोत दिसत नाही. म्हणून लोक खोटं समजतात. दुखणं खरं असतं." प्रमिला तिथेच रडायला लागली. औषधाने नाही, 'खरं' या एका शब्दाने. पण बाईंच्या हातात थर्मामीटर होता आणि त्या खिडकीकडे धरून पारा बघत होत्या. "एकशे एक. हे मात्र मला आवडलं नाही. फायब्रोमायल्जियात अंग कणकणतं, ताप आल्यासारखं वाटतं. पण पारा असा चढत नाही. चढला, तर दुसरं काहीतरी शोधायचं. दोन दुखणी एका अंगात राहू शकतात, एकाच्या आड दुसरं झाकलं जातं."

"दुसरं म्हंजे?" अभिमनने विचारलं होतं.

"आपलं रक्त बाहेरच्या रोगाशी लढतं ना? कधीकधी ते चुकून आपल्याच अंगाशी लढायला लागतं. सांध्यांशी, कातडीशी, मूत्रपिंडाशी. उन्हाने ते भडकतं. हा चट्टा बघा. चुलीचा असता तर कपाळ, हनुवटी, सगळीकडे असता. हा फक्त गालांवर आणि नाकावर आहे." मग त्यांनी लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. पाण्यासारखी स्वच्छ होती ती पातळ ताकासारखी गढूळ झाली. बाईंनी ती नळी अभिमनच्या डोळ्यांसमोर धरली. "हे असं व्हायला नको. उद्या सकाळी घेऊन या. रक्त मुंबईला पाठवायचं, दिवसभराची लघवी तपासायची. आणि ऊन नको, चूल नको. उशीर केलात तर मूत्रपिंडाचं मी काही सांगू शकत नाही."

हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं. तारखेसह.

अभिमन वाईट माणूस नव्हता. या घरातली निम्मी वाईट कामं वाईट नसलेल्या माणसांनीच केली आहेत. दुसऱ्या दिवशी शेतात ट्रॅक्टर आला. तिसऱ्या दिवशी भाऊला विचारायला तोंड उघडलं, तर भाऊ घागरीचा हिशोब करत होता, चाळीस पानं, आणि म्हणाला, "प्रमिला शे म्हनीसन माले घोर नही." मग त्याने ठरवलं, आखाजी होऊ दे. आबांची घागर एकदाच येते. प्रमिला रोज सकाळी त्याच्या खिशाकडे बघायची आणि तो रोज "दोन दिन थांब" म्हणायचा. ती अकरा दिवस थांबली. आज सकाळी लघवीला फेस पाहिला आणि थांबायची थांबली.

"काय रे अभिमन?" रुपचंदने विचारलं. "कागद शे का?"

भाईदास मेहुण्याकडे बघत होता. वना नाना तंबाखू मळायचा थांबला. प्रमिलाही बघत होती.

"तो..." अभिमन म्हणाला. "तो साधा कागद शे. गोळ्यास्ना."

यावर काय म्हणावं? मी हे प्रकरण लिहिताना तीनदा इथे थांबलो. शत्रूने खोटं बोलावं, शेजाऱ्याने बोलावं. ज्याने ती काचेची नळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तो माणूस भावासमोर मान खाली घालून म्हणाला, गोळ्यांचा कागद!

"दखा," रुपचंद म्हणाला. त्याला जिंकल्याचा आनंद झाला असेल असं नाही, पण त्याचा जीव हलका झालेला दिसला. "तिना सवताना धनी सांगस. आजून काय पायजे?"

* * *

यशोदाबाईंच्या गुडघ्यांना उठायला वेळ लागतो. त्या कोठीला हात देऊन उठल्या, भिंतीला धरत मधल्या दारापर्यंत आल्या. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, पण हात शाबूत. या पंचक्रोशीत प्रमिलाच्या आधी मांडे त्यांचेच. प्रमिलाला शिकवले तेही त्यांनीच. खापर तापलं का नाही ते बायका पाणी शिंपडून बघतात. यशोदाबाई वीतभर वरून हात फिरवायच्या आणि सांगायच्या. आणि याच यशोदाबाईंनी तीन वर्षं सुनेच्या तापाला चुलीची धग म्हटलं होतं. कमलबाईला ते वाक्य त्यांनीच शिकवलं होतं.

त्या सुनेला काही बोलणार होत्या. बहुतेक "आत जा" एवढंच. तिला आत ढकलायला म्हणून त्यांनी गोधडीखालून तिच्या पाठीवर हात ठेवला.

आणि तो तिथेच राहिला.

"कमल," त्या म्हणाल्या, "आज चूल पेटेल शे का?"

"कोन पेटाडी? तीच तं निजेल शे सकायपाइन."

"मंग?" यशोदाबाईंनी मान वळवली. "तू कितला वरीस चूलपुढे बठनी? धग कोठे लागस? तोंडले लागस, छातीले लागस, हातले लागस. पाठले कव्हय लागस का?"

कमलबाई वीस वर्षं चुलीपुढे बसलेली बाई होती. चुलीपुढे बसणारीची छाती भाजते आणि पाठ गार राहते, थंडीत तर पाठीवर काटा येतो, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ती उठून आली. तिनेही हात गोधडीखाली घातला. मग काढून स्वतःच्या पदराला पुसला, जसा काही चटका बसला होता.

"माय वं," ती म्हणाली.

"मी हिना कपायले हात लाये," यशोदाबाई म्हणाल्या. कपाळ म्हणायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. "तीन वरीस कपायले हात लाये. पाठले नही लाया. इतली अक्कल मालेच नही सुचनी, मंग पोऱ्ये काय करतीन?" त्यांचा आवाज चढत गेला. "अभिमन! इकडे ये. हात ठेव."

"माय, बठ्ठा दखी ऱ्हायनात," अभिमन सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाला.

"दखू दे! आजपावत कोनी दखं नही म्हनीसनच हाई येळ उनी."

जेठाने भावजयीला हात लावायचा नाही, सासऱ्याने लावायचा नाही, दिराने लावायचा नाही, आणि नवऱ्याने दिवसाउजेडी लावायचा नाही, अशी या घराची रीत. म्हणजे ज्यांनी तिला कधी हात लावून पाहिलं नाही, ते तीन पुरुष ओट्यावर जमून तिला ताप नाही असं ठरवत होते. अभिमन खांबापासून निघाला. ओट्यावरची सात पावलं चालायला त्याला फार वेळ लागला. त्याने बायकोच्या पाठीवर हात ठेवला, भावासमोर, चुलत्यासमोर, मेहुण्यासमोर. त्याचा चेहरा बदलला. वरच्या ओठावर घाम आला.

"भाऊ," तो रुपचंदला म्हणाला, "आंग जळी ऱ्हायनं हिनं."

आणि मग, कोणी न सांगता, खिशातून कागद काढून त्याने भाईदासच्या हातात दिला. घामाने घडीवर फाटत आलेला. भाईदास मॅट्रिक झालेला होता. त्याने सावकाश, एकेक शब्द फोडून वाचलं. ऊन नको. चूल नको. उद्या सकाळी. उशीर करू नये. शेवटी त्याने तारीख वाचली, आणि मग पुन्हा एकदा वाचली.

"अकरा दिस," तो म्हणाला. "अकरा दिस हा कागद खिशात ठेवून तू जेवला, झोपला, शेतात गेला?"

रुपचंद उठला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. घरचा कर्ता म्हणून बोलायलाच हवं होतं. "घागर झाल्यावर..." त्याने सुरुवात केली. "परवाना दिन मी सवता गाडी करीसन..."

"घागरले पुरनपोया करी कमल. तवावर," यशोदाबाई म्हणाल्या.

"लोके काय म्हनतीन? आबानी पहिली घागर, आन मांडा नही?"

"सांग लोकेस्ले, मांडा करनारी बिमार शे. खरं सांगाले कसानी लाज?" मग त्या थांबल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुना आबा राहता तं तेबी पुरनपोयी खाता. ऱ्हायनात नहीत म्हनीसन तुम्ही त्यासना नावनी बठ्ठी सक्ती करी ऱ्हायनात."

कमलबाई आत गेली होती. परत आली तेव्हा तिच्या हातात प्रमिलाच्या चपला आणि छत्री होती. चपला तिने प्रमिलाच्या पायापाशी ठेवल्या. माफी वगैरे कमलबाईच्या तोंडातून निघणारी गोष्ट नव्हती. "छबीले मी वेनी घाली देस," ती म्हणाली, "तीबी येई तुना संगे. मायना संगे पोरनी ऱ्हावाले पायजे." रुपचंदने बायकोकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

सगळे आता प्रमिलाकडे बघत होते. असं वाटत होतं की तिने रडावं. सासूच्या पाया पडावं, नवऱ्याकडे भरल्या डोळ्यांनी बघावं, म्हणजे सगळ्यांना मोकळं होता येईल.

प्रमिलाने हात पुढे केला आणि भाईदासकडून कागद घेतला. नऊ वर्षांत ती या घरची अहिराणी शिकली होती, मोठ्यांसमोर आणि बाहेरच्यांसमोर शुद्ध बोलत होती. पण आता तिच्या तोंडात बोदवडच आलं.

"तीन वरीस झाले मी सांगू राह्यली," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण ओट्याखाली बांधलेल्या बैलानेही कान टवकारले असतील. "माह्या तोंडानं सांगू राह्यली. हात दुखते सांगितलं, ताप येते सांगितलं, बोटं वळत नाही सांगितलं. कोनाले पटलं नाही. आज कागद हाये सांगितलं, तेबी पटलं नाही. आन आता पाठीले हात लावला तं समजलं? माही पाठ बोलली ते खरं, मी बोलली ते खोटं?"

यशोदाबाईंनी खाली बघितलं.

"अक्का, तुमच्यावर राग नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "हाये. पन आता येळ नाही."

* * *

दुपारची गाडी सव्वादोनला. थांब्यावरच्या वडाच्या सावलीत चौघे उभे होते: प्रमिला, कमलबाईने घट्ट वेणी घातलेली छबी, पिशवी घेतलेला भाईदास, आणि चार हात अंतरावर अभिमन. त्याला कोणी ये म्हटलं नव्हतं आणि येऊ नको असंही म्हटलं नव्हतं.

"ताई, बोदवडले चाल," भाईदास म्हणाला. "आईनं झोका बांधला. आखाजीनंतर मी सवता दवाखान्यात नेईन."

प्रमिलाने फक्त भावाकडे पाहिलं. भाईदासने जीभ चावली. आखाजीनंतर, हा शब्द आज त्यानेही काढला होता.

गाडीत उन्हाची बाजू रिकामी होती, सावलीची भरलेली. अभिमनने एका पोराला उठवून सावलीकडची जागा मिळवली आणि ती बसल्यावर तो उन्हाच्या खिडकीशी जाऊन बसला. कंडक्टर आला. अभिमनने पैसे काढले. प्रमिलाने आपल्या चंचीतून आधीच काढले होते. "धुळे," ती म्हणाली. "देवपूरला उतरायचं." अभिमनने तिच्याकडे हात पुढे केला. "कागद दे, मी ठेवस जपीसन." तिने तो चंचीत घातला, चंचीची नाडी आवळली आणि चंची कंबरेला खोचली.

पांझरेचा पूल ओलांडून ते उतरले तेव्हा साडेतीन झाले होते. दवाखान्यात बारा-पंधरा माणसं होती. सणाच्या आदल्या दिवशीसुद्धा एवढी. कंपाउंडर टेबलामागे वही घेऊन बसला होता. त्याने मान वर केली, समोर उभ्या असलेल्या चौघांवरून नजर फिरवली, आणि रोज करतो तसं त्यातल्या पुढच्या पुरुषाला विचारलं.

"पेशंटला काय होतंय?"

अभिमनने तोंड उघडलं.

"मला विचारा," प्रमिला म्हणाली.